सल्लागार मंडळांत कोणास बसवावें?

मनाच्या आजारानें पीडलेल्या आणि दारू वगैरे व्यसनांत सांपडलेल्या लोकांकरितां ग्रामीण रुग्णालयांत जी सेवा चालते, तिला गांवच्या माणसांचा सल्ला व आधार मिळावा म्हणून एक स्थानिक सल्लागार मंडळ स्थापावें, असा विचार आमच्या भागांत निघाला, तेव्हां पुष्कळांस समाधान वाटलें. विचार चांगलाच होता. रोग अंगाचा असला म्हणजे शेजारी विचारपूस करावयास येतात. रोग मनाचा असला म्हणजे तेच शेजारी दार लावून घेतात. दारुड्याची तर विचारपूस कोणी करीतच नाहीं. त्याला लोक उपदेश करितात, नाहींतर शिव्या देतात. अशांची काळजी वाहण्यास गांवानें चार माणसें नेमावीं, यापरतें योग्य तें काय?

मंडळाच्या पूर्वतयारीच्या सभेस मी गेलों होतों. यादी करण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं ११ नांवें लिहिलीं. सरपंच, मुख्याध्यापक, रुग्णालयाचे वैद्यकीय अधिकारी, निवृत्त तलाठी, पोलीस पाटील, बचत गटाच्या अध्यक्षा, अंगणवाडी सेविका, एक वकील, दोन व्यापारी, आणि अकरावें नांव माझें स्वतःचें. वैद्यकीय अधिकारी त्या दिवशीं शिबिरास गेले होते. बाकी सर्वांनीं यादी पसंत केली. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं सकाळीं ११ वाजतां रुग्णालयांतच बैठक भरावी, असेंही ठरलें.

त्या सभेंत सतरंजी अंथरणारा, खुर्च्या मांडणारा व पाणी देणारा एक गृहस्थ होता. दारूच्या पायीं तो एके काळीं घरदार घालवून बसला होता. आज ९ वर्षें त्यानें थेंबालाही स्पर्श केलेला नाहीं. मी त्याला चांगला ओळखतों. तरी यादी करितांना त्याचें नांव माझ्या मनांत आलें नाहीं. सभा संपल्यावर तो माझ्याबरोबर एस. टी. स्टँडापर्यंत चालत आला आणि म्हणाला, "पाळकसाहेब, एक विचारूं का? मनाचे डॉक्टर जिल्ह्याहून महिन्यांतून एकदांच येतात, तें त्याच मंगळवारीं. तुम्हीं त्यांना बैठकींत बसवलं, तर केसपेपर घेऊन रांगेंत उभ्या राहिलेल्यांना कोण बघणार?" थोडें थांबून तो पुढें म्हणाला, "आणि 'व्यसनमुक्ति विभाग' अशी मोठी पाटी ज्या दारावर लावायचं ठरवलंत, तें दार रस्त्याकडं आहे. सगळा बाजार तिथनं जातो. त्या दारानं कोणी आंत जायचं नाहीं. मी तरी गेलों नसतों."

आम्ही शहाणीं म्हणविणारीं माणसें दोन तास बसलों होतों. या दोन गोष्टी आमच्यापैकीं एकासही सुचल्या नव्हत्या.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे, तो वाचकांपुढें ठेवतों. ज्यांच्याकरितां मंडळ, त्यांस मंडळांत जागा द्यावी कीं नाहीं? आणि द्यावयाची, तर ती त्यांजवर उपकार म्हणून द्यावयाची, कीं त्यांच्यावांचून मंडळाचा सल्लाच अपुरा व खोटा ठरतो म्हणून द्यावयाची?

प्रथम मंडळाचें काम काय, हें स्पष्ट असावें. रोग ओळखून औषध देणें हें डॉक्टरांचें काम. रुग्णास त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल केलें, किंवा त्याचे हक्क तुडविले गेले, अशी तक्रार आल्यास निवाडा करणें हें कायद्यानें नेमलेल्या पुनर्विलोकन मंडळाचें काम. स्थानिक सल्लागार मंडळाकडे यांपैकीं कांहींच नाहीं. पाहणें, विचारणें आणि सांगणें, एवढेंच त्याचें काम. गोळ्या महिनाभर पुरतात, कीं मध्येंच संपतात? दूरच्या वाडीवरून आलेल्या बाईस डॉक्टर भेटतात, कीं ती हात हालवीत परत जाते? खिडकींतला माणूस रुग्णाशीं कसा बोलतो? व्यसनमुक्ति केंद्रांतून महिन्याभरानें घरीं आलेल्या माणसास दुसऱ्या दिवशीं कामावर कोण घेतें? हे प्रश्न लहान दिसतात. पण यांच्या उत्तरांवर कित्येकांचें जीवित अवलंबून असतें.

सेवेंतील उणीव केवढी आहे, हें दोन पाहण्यांवरून कळतें. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. निरनिराळ्या मानसिक आजारांच्या बाबतींत १०० पैकीं ७० ते ९२ रुग्णांस उपचार पोंचत नाहींत, असें तींत आढळलें. पुढें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें देशभर व्यसनांची पाहणी केली व तिचा अहवाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या ३८ माणसांत एकासच कसला तरी उपचार मिळाल्याचें त्यांत नमूद आहे. बाकीचे ३७ कां आले नाहींत? दवाखाना लांब म्हणून, पैसा नाहीं म्हणून, कीं रस्त्याकडच्या दारावर पाटी होती म्हणून? हें त्या ३७ जणांवांचून दुसरा कोण सांगणार?

कोणी म्हणेल, मंडळांत गांवचीं प्रतिष्ठित व सज्जन माणसें बसलीं म्हणजे पुरे. तीं गरिबांचें हित पाहतीलच. सज्जनांच्या सज्जनपणाविषयीं मला शंका नाहीं. परंतु ही कसोटी जगांत पूर्वीं होऊन गेली आहे, आणि तिचा निकाल इंग्लंडांतील यॉर्क शहरीं लागलेला आहे. ती हकीकत थोडक्यांत सांगतों.

यॉर्क येथें १७७७ सालीं लोकवर्गणीनें वेड्यांचें एक रुग्णालय उघडलें. त्यावर देखरेख करणारे गव्हर्नर भले, कुलीन लोक होते. १७९० सालीं हॅना मिल्स नांवाच्या एका विधवेस तेथें ठेवण्यांत आलें. ती क्वेकर पंथाची होती. तिच्या पंथाचे लोक तिला भेटावयास गेले असतां त्यांस आंत सोडलें नाहीं, आणि थोड्याच आठवड्यांत ती मरण पावली. त्या दुःखांतून विल्यम ट्यूक या व्यापाऱ्यानें आपल्या पंथाच्या लोकांस जमविलें. हा मनुष्य डॉक्टर नव्हता. चहाचा व्यापारी होता. त्याच्या खटपटीनें १७९६ सालीं त्याच शहराजवळ 'रिट्रीट' नांवाचें घर उघडलें. तेथें साखळदंड व मारहाण यांस फांटा देऊन रुग्णांस माणसाप्रमाणें वागविण्याची रीत घातली गेली, आणि पुढें दूरदूरच्या देशांनीं ती रीत उचलली.

इकडे जुन्या रुग्णालयाचें काय झालें? गव्हर्नर बैठकीस येत, मुख्य डॉक्टर सांगेल तें ऐकत, आणि सर्व ठीक आहे असें लिहून जात. १८१३ सालीं गॉडफ्रे हिगिन्स नांवाच्या एका मॅजिस्ट्रेटानें चौकशीचा आग्रह धरिला. २० पौंड देणगी देणारास गव्हर्नर होतां येत असे. तेव्हां त्यानें व त्याच्या पुष्कळ मित्रांनीं देणग्या भरून गव्हर्नरपद घेतलें व बैठकींत बहुमत मिळविलें. पुढच्या वर्षीं तो स्वतः इमारतींत फिरला. स्वयंपाकघराजवळ त्यास कांहीं दारें दिसलीं. किल्ल्या सांपडत नाहींत, असें नोकर म्हणूं लागले. त्यानें दारें उघडावयास लाविलीं, तों आंत घाणीनें भरलेल्या कोठड्या निघाल्या. रात्रीं त्यांत १३ स्त्रियांस कोंडीत असत. गव्हर्नरांस त्या कोठड्या ठाऊक नव्हत्या. ते दुष्ट नव्हते. जें दाखविलें तें त्यांनीं पाहिलें, आणि जें दाखविलें नाहीं तें विचारलें नाहीं. ज्यांस त्या कोठड्या ठाऊक होत्या, त्यांपैकीं एकीसही त्यांच्या मेजाशीं जागा नव्हती.

आपल्या देशांतील गोष्ट याहून फार जुनी नाहीं. तमिळनाडूंत रामनाथपुरम जिल्ह्यांत एरवाडी हें गांव आहे. तेथील दर्ग्याला गेल्यानें मनाचा आजार बरा होतो, अशा श्रद्धेनें दूरदूरचे लोक आपल्या माणसांस तेथें नेत, आणि आसपासच्या खाजगी घरांत पैसे भरून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहांटे अशाच एका छपरास आग लागली. रुग्ण साखळ्यांनीं बांधलेले होते; त्यांस पळतां आलें नाहीं. २८ जीव गेले. त्यांस तेथें सोडून गेलेले आईबाप शत्रू नव्हते. दुसरी वाट ठाऊक नसल्यामुळें त्यांनीं ती धरिली होती. पण त्या छपराखालीं जाऊन पाहणें व 'हा मनुष्य बांधलेला कां?' असें विचारणें, हें कोणाचेंच नेमलेलें काम नव्हतें, आणि बांधलेल्यांचें ऐकून घेणारेंही कोणी नव्हतें.

आतां कायदा बदलला आहे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें रुग्णास कोणत्याही प्रकारें साखळीनें बांधून ठेवण्यास मनाई केली आहे. दारू व अमली पदार्थ यांच्या व्यसनामुळें मनाची जी अवस्था होते, तीही त्या कायद्यानें मानसिक आजारांत धरिली आहे. म्हणून व्यसनी मनुष्यासही त्या हक्कांचा आधार आहे. आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, ज्याचें दुःख त्यास जागा द्यावी, ही गोष्ट कायद्यानेंच मान्य केली आहे. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणांत, आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या लोकांच्या वतीनें दोन, काळजी वाहणाऱ्या नातेवाइकांच्या वतीनें दोन, आणि स्वयंसेवी संस्थांच्या वतीनें दोन, अशा वेगवेगळ्या जागा आहेत.

परंतु खालीं पुनर्विलोकन मंडळाशीं आलें म्हणजे काय दिसतें? तेथें जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्याचा प्रतिनिधि, एक मनोविकारतज्ज्ञ व एक दुसरा डॉक्टर, इतक्यांच्या जागा पक्क्या आहेत. उरलेल्या दोन जागा मात्र आजार असलेल्या व्यक्ति, किंवा काळजी वाहणारे, किंवा त्यांच्या संघटनांचे प्रतिनिधि, किंवा या क्षेत्रांतील संस्थांचे लोक, अशा सर्वांस मिळून आहेत. मधल्या त्या 'किंवा' कडे वाचकांनीं लक्ष द्यावें. दोन्ही जागांवर संस्थांचे कार्यकर्ते बसले, तरी कायदा पाळला गेला. आणि रुग्ण एकही आला नाहीं, तरीही कायदा पाळला गेला. माझ्या ११ नांवांच्या यादींतही हाच 'किंवा' होता. फक्त मीं तो लिहिला नव्हता.

आतां या विरुद्ध जे आक्षेप निघतात, ते टाळूं नयेत. कारण त्यांतील कांहीं खरे आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, ज्याचें मन ठिकाणावर नाहीं तो सल्ला काय देणार? यांत आजार म्हणजे कायमची अवस्था अशी समजूत आहे. बहुतेकांचा आजार येतो, औषधानें उतरतो, पुन्हां केव्हां तरी येतो; मधल्या काळांत तो मनुष्य तुम्हांआम्हांसारखा शेती करितो व हिशेब ठेवितो. कायदाही, आपल्या उपचाराविषयीं निर्णय घेण्याची पात्रता रुग्णास नाहीं असें आधींच धरून चालत नाहीं. या बाबतींत अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्याच्या क्लिफर्ड बीअर्स यांचें उदाहरण आठवावें. १९०० सालीं त्यांनीं आत्मघाताचा प्रयत्न केला, आणि पुढें तीन वर्षें निरनिराळ्या रुग्णालयांत मार व अपमान सोसला. बरे झाल्यावर १९०८ सालीं त्यांनीं तो अनुभव पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं आपल्या राज्यांत, आणि १९०९ सालीं सर्व देशाकरितां, मनाच्या आरोग्यासाठीं झटणारी मंडळी उभी केली. त्यांनीं डॉक्टरांस शिव्या दिल्या नाहींत. अ‍ॅडॉल्फ मायर यांच्यासारख्या मोठ्या डॉक्टरांस बरोबर घेतलें. रोग काय तो डॉक्टर सांगत, आणि रुग्णालयाची रात्र कशी असते तें बीअर्स सांगत. दोन्ही ज्ञानें एका मेजाशीं आलीं, तेव्हां काम पुढें गेलें. दुःख भोगल्यानें कोणी सर्वज्ञ होतो असें माझें म्हणणें नाहीं. त्यास एकच गोष्ट अधिक ठाऊक असते. परंतु ती गोष्ट दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

दुसरा आक्षेप असा कीं, दारू सोडलेला मनुष्य पुन्हां पडेल, आणि मंडळाची लाज जाईल. तो पडूं शकतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु पडण्याची भीति ज्यास रोज असते, त्यालाच कोठें पाय घसरतो हें कळतें. १९३५ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅक्रन शहरीं एक शेअरदलाल व एक सर्जन, दोघेही दारूनें नासलेले, एकमेकांशेजारीं बसले. त्यांतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही मंडळी निघाली, आणि एक दारुडाच दुसऱ्यास सांवरूं शकतो हें तिनें दाखवून दिलें. आपल्या पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं 'मुक्तांगण' सुरू केलें. तेथेंही बरे झालेले रुग्ण पुढें कार्यकर्ते होऊन नव्यांस हात देतात. म्हणून उपाय एवढाच, कीं अशा जागा दोन असाव्या. एक पडला तर दुसऱ्यानें काम चालवावें. सरपंचांस हृदयविकार झाला तर आपण त्यांची खुर्ची काढून घेत नाहीं. ते बरे होईतों वाट पाहतों. याच्या बाबतींतही तसेंच करावें.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. मंडळांत बसणें म्हणजे 'मला हा आजार होता' असें गांवाला सांगणें. घरांत लग्नाची मुलगी आहे, भावाची नोकरी आहे, त्यांचें काय? येथें आपण बळजबरी करूं नये. खाजगींत विचारावें, नको म्हटल्यास पुन्हां आग्रह धरूं नये, आणि विचारलें होतें हेंही कोणास कळूं देऊं नये. शिवाय आम्हां मंडळ्यांच्या लोकांस एक खोड आहे, तीही येथें सांगतों. दारू सुटलेल्या माणसास आम्ही सभेपुढें उभें करितों, आणि त्याच्या पडण्याची गोष्ट पुन्हां पुन्हां सांगावयास लावितों. लोक हळहळतात, तो खालीं मान घालून बसतो. सल्लागार मंडळांत त्यास गोष्ट सांगण्यास बोलवूं नये. औषधांच्या सांठ्याविषयीं, बैठकीच्या दिवसाविषयीं, खिडकीविषयीं त्याचें मत विचारावें, आणि तें कागदावर लिहून घ्यावें.

चौथी अडचण आक्षेप म्हणून कोणी मांडीत नाहीं, पण ती घरोघर आहे. रुग्णाच्या वतीनें त्याची आई बोलली म्हणजे पुरे नाहीं काय? आईनें त्याच्यापायीं रात्री जागून काढल्या आहेत. तिचें दुःख लहान नाहीं. तथापि माझ्या पाहण्यांत असें एक घर आहे, जेथें मुलगा औषध घेत नाहीं म्हणून आई डाळींत गोळी चुरून घालीत असे. कांहीं महिने तो बरा राहिला. मग एके दिवशीं त्यानें तें पाहिलें, आणि त्या दिवसापासून घरचें अन्न सोडलें. आई म्हणे, "मी त्याला जगवलं." मुलगा म्हणे, "माझ्या ताटांत काय आहे, तें मला सांगायला नको?" यांत आई खोटी नाहीं. पण मुलाचें म्हणणेंही खोटें नाहीं, आणि तें आईच्या तोंडून कोणास कधींच ऐकूं आलें नसतें. म्हणून काळजी वाहणाऱ्यांस जागा हवी, आणि आजार भोगणाऱ्यांस वेगळी जागा हवी. एकाच्या नांवावर दुसऱ्याची गणना करूं नये.

येथें कोणास वाटेल, आम्हांस त्यांचें हित दिसतें, मग विचारावयाचें कशाला? यरीहोच्या वाटेवर बसलेला भिकारी आंधळा आहे, हें आपल्या प्रभूस दिसत होतें. तरी त्यानें त्यास, मी तुझ्याकरितां काय करावें, हें आधीं विचारलें. ज्याला सर्व दिसत होतें त्यानें विचारलें. आम्हांला तर रुग्णालयाचें दारही नीट दिसलें नव्हतें.

ज्या गांवीं असें मंडळ व्हावयाचें असेल, तेथील वाचकांकरितां अनुभवाच्या कांहीं गोष्टी लिहितों. यादी करण्याआधींच रांगेंतल्या चार जणांशीं बोलावें. यादी झाल्यावर नव्हे. आजार भोगलेले दोन व काळजी वाहणारे दोन यांहून कमी नसावे. एकटा मनुष्य दहा मोठ्या लोकांपुढें तोंड उघडीत नाहीं. बैठकीस येणाऱ्या मजुराची दिवसाची मजुरी व एस. टी. चें भाडें द्यावें. मुख्याध्यापकांचा पगार बैठकीमुळें कापला जात नाहीं, त्याचा रोज मात्र बुडतो. रुग्णालयास कळवून जावें, तसें केव्हां तरी न कळवितांही जाऊं द्यावें, अशी परवानगी आधींच घ्यावी; यॉर्कच्या कोठड्या कळवून गेलेल्यांस दिसल्या नव्हत्या. कोणत्याही रुग्णाचें नांव बैठकीच्या कागदांत येऊं नये. आणि सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या टेली-मानस या दूरध्वनि सेवेचा १४४१६ हा क्रमांक पंचायतींत, शाळेंत व मंदिरांत लावावा. तो फिरविण्यास कोणत्याही दारांतून जावें लागत नाहीं.

आमच्या मंडळाचें पुढें काय झालें, तें सांगून संपवितों. दुसऱ्या सभेंत मीं माझी चूक सर्वांपुढें सांगितली. दोन व्यापाऱ्यांपैकीं एकानें व मीं आपापल्या जागा सोडल्या, आणि चार नव्या जागा घातल्या. मंडळ १३ जणांचें झालें. मी इतिवृत्त लिहितों, मत देत नाहीं. बैठकीचा दिवस बदलला. वेगळ्या दाराचा व पाटीचा बेत सोडला. व्यसनाचे रुग्ण आतां ताप-खोकल्याच्या रुग्णांबरोबर एकाच दारानें आंत येतात. निवृत्त तलाठ्यांस हें सर्व पसंत नव्हतें, व अजूनही पूर्ण पसंत नाहीं. तरी ते येतात.

सतरंजी अंथरणाऱ्या त्या गृहस्थाच्या घरीं मी जागेविषयीं विचारावयास गेलों, तेव्हां त्यानें दोन अटी घातल्या. आपली जुनी गोष्ट कोणीं विचारूं नये, ही एक. आणि सतरंजी यापुढें सर्वांनीं पाळीपाळीनें अंथरावी, ही दुसरी. दोन्ही मान्य झाल्या.

मनाचा आजार भोगलेल्यांची दुसरी जागा मात्र रिकामी आहे. जिला विचारलें होतें, त्या बाईनें, मुलीचें लग्न होईतों नको, असें सांगितलें. ती जागा भरण्यास एका संस्थेचे चांगले कार्यकर्ते तयार आहेत. परंतु मंडळानें ती त्यांस दिली नाहीं. यादींत त्या ओळीवर नांव नाहीं, आणि दर बैठकीस हजेरी घेतांना ती ओळ मी वाचून दाखवितों.